बांधीव, मुक्त, कप्प्यांचा की गादीचा : गाईंसाठी गोठा निवडताना

गोठ्याचा आराखडा हाती घेतला की पहिला प्रश्न बहुधा ‘एका जनावरामागे किती चौरस मीटर जागा धरायची?’ हाच असतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्याही आधी सोडवायचा प्रश्न वेगळा आहे : त्या जागेत गाय बसणार कशी आणि उठणार कशी? दुभती गाय दिवसातले साधारण १० ते १४ तास बसून काढते, तेही सलग नव्हे, तर अनेकदा उठबस करत. बसलेली असताना ती निवांत रवंथ करते, खुरांवरचा भार उतरतो आणि कासेकडचा रक्तपुरवठा वाढतो. खाणे आणि बसणे या दोन्हींपासून काही तास रोखलेल्या गाई मोकळ्या झाल्यावर आधी बसण्याची भरपाई करतात, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून पुढील चारही पद्धतींची तुलना मी प्रामुख्याने या एका कसोटीवर केली आहे.

गाय उठताना एकदा जवळून पाहावी. ती आधी पुढच्या गुडघ्यांवर येते, मान लांबवून डोके पुढे झोकते, त्या झोक्याच्या बळावर मागचा भाग वर उचलते आणि मग पुढचा एकेक पाय टेकवत उभी राहते. हा झोका घ्यायला तिच्या पुढ्यात सुमारे ६० सेंटिमीटर ते १ मीटर मोकळी जागा लागते. तिथे भिंत, उंच गव्हाण किंवा आडवा पाइप आला, की गाय अडखळते, सांधे घासून घेते, आणि काही गाई तर घोड्यासारख्या आधी पुढच्या पायांवर उठू लागतात. तशी उठणारी गाय दिसली, तर दोष गाईत शोधू नये, जागेत शोधावा.

बांधीव गोठ्याला प्रत्येक जनावरामागे सर्वांत कमी जागा लागते. उभे राहण्याचा ओटा साधारण १.५ ते १.८ मीटर लांब आणि १.०५ ते १.२ मीटर रुंद, पुढे गव्हाण, मागे शेणमुताची नाली, एवढ्यात काम भागते. प्रत्येक गाईला तिच्या दुधाप्रमाणे खुराक देता येतो, एखादीने चारा टाकला तर त्याच वेळी कळते, आणि मारक्या गाईचा दुबळीला त्रास होत नाही. हे फायदे खरे आहेत. पण गाईला वळता येत नाही, पाठीमागचे अंग चाटता येत नाही, ऊन लागले तर सावलीकडे सरकता येत नाही. १९६५ साली ब्रिटनमधील, पाळीव जनावरांच्या कल्याणाचा विचार करणाऱ्या ब्रॅम्बेल समितीने जनावराला वळता यावे, अंग साफ करता यावे, उठता-बसता यावे आणि पाय ताणता यावेत, एवढी किमान अपेक्षा मांडली होती. आखूड दाव्याला दिवसभर बांधलेली गाय त्यातले पहिलेच करू शकत नाही. माजावर आलेली गायही इथे सहज ओळखू येत नाही, कारण एकमेकींवर चढणे, मागे लागणे ही लक्षणे दाव्यामुळे दिसतच नाहीत. नुसत्या कोब्यावर बांधलेल्या गाईंचे गुडघे आणि मागच्या पायांचे सांधे पाहिले, की केस गेलेले चट्टे आणि पुढे त्यांची सूज दिसू लागते. जनावरे मोजकीच असतील आणि रोज काही तास त्यांना मोकळे सोडणे नक्की जमणार असेल, तरच मी ही पद्धत सुचवेन.

मुक्त संचार गोठ्यात छपराखालची जागा आणि उघडे आवार असे दोन भाग असतात. उष्ण प्रदेशांत रूढ असलेले मोजमाप प्रत्येक गाईमागे छपराखाली ३.५ चौरस मीटर आणि उघड्यावर ७ चौरस मीटर असे आहे. म्हशीसाठी हेच आकडे ४ आणि ८ धरतात. युरोपीय संघाचे सेंद्रिय पशुपालनाचे नियम दुभत्या गाईला आत ६ आणि बाहेर ४.५ चौरस मीटर मागतात. दोन्ही बेरजा साडेदहाच होतात, पण विभागणी उलटी आहे. थंड हवेत जनावर बराच काळ आत राहते आणि गरम, कोरड्या हवेत रात्री बाहेर बसणे पसंत करते, हे लक्षात घेतले तर आकडे उचलून वापरण्याआधी आपले हवामान पाहिले पाहिजे.

या पद्धतीत बांधकाम थोडे लागते, खुरे चांगली राहतात, माज ओळखता येतो आणि गाय स्वतःच्या मनाने ऊन-सावली निवडते. तिची कमजोरी एकच, पण मोठी आहे : चिखल. ओल्या बैठकीवर गाय बसायला तयार नसते. अगदी ओला आणि कोरडा लाकडी भुसा यांची तुलना केली असता बसण्याचा वेळ दिवसाला जवळपास ५ तासांनी घटल्याची नोंद आहे. आवाराला उतार नसेल, पाण्याचा हौद मधोमध असेल, किंवा सगळ्या गाई एकाच झाडाखाली गोळा होत असतील, तर कागदावरचे १० चौरस मीटर प्रत्यक्षात ३ उरतात. शिवाय मोकळेपणात मानापमान असतात. कळपातली वरचढ गाय गव्हाणीचे टोक अडवून उभी राहते आणि पहिलारू कालवड लांबूनच पाहत थांबते. म्हणून गव्हाणीवर प्रत्येक गाईला ६० ते ७५ सेंटिमीटर जागा, शिंगे असतील तर त्याहून अधिक, आणि पाणी एकाऐवजी किमान दोन ठिकाणी ठेवावे. पळ काढायला वाट नसलेला कोपरा कुठेही राहू देऊ नये.

कप्प्यांच्या गोठ्यात गाई मोकळ्या फिरतात, पण बसण्यासाठी प्रत्येकीला नळ्यांनी आखलेला स्वतंत्र कप्पा असतो. जागा कमी आणि पाऊस जास्त असेल तिथे ही पद्धत उजवी ठरते, कारण शेण वाटेत पडते, बैठकीवर पडत नाही, आणि अंथरूण कमी लागते. मात्र मापात चूक झाली तर तिची भरपाई पुढे करता येत नाही. मोठ्या संकरित किंवा होल्स्टीन गाईला सुमारे १.२ मीटर रुंद आणि, समोर भिंत असल्यास, २.४ ते २.७ मीटर लांब कप्पा लागतो. ढोबळ हिशेब असा, की रुंदी गाईच्या कमरेच्या हाडांमधील अंतराच्या दुप्पट असावी. लहान बांध्याच्या गाईला हाच कप्पा दिला तर ती आत आडवी बसते आणि शेण अंथरुणावरच पडते. मापे नेहमी कळपातल्या मोठ्या गाई मोजून ठरवावीत; दुसऱ्याच्या गोठ्यातून उतरवून आणू नयेत. कप्प्यांपेक्षा गाई जास्त ठेवण्याचा मोह इथे फार होतो. ‘सगळ्या एकदम कुठे बसतात?’ असे म्हटले जाते, पण रात्री त्या एकदमच बसतात, आणि जागा न मिळालेली गाय बहुधा कळपातली सर्वांत लहान किंवा आधीच लंगडणारी असते. कप्प्यात जाड वाळू असेल तर कासदाहाचा धोकाही कमी राहतो, कारण वाळूत जंतूंना खाद्य मिळत नाही; अडचण आहे ती वाळूमिश्रित शेणाची वाहतूक आणि विल्हेवाट लावण्याची. वाटांच्या कोब्याला खाचा पाडलेल्या असाव्यात, नाहीतर गाय घसरण्याच्या भीतीने चालणेच कमी करते.

चौथी पद्धत गादीची. सगळ्या गाईंना एकच मोठी लाकडी भुशाची गादी, आणि ती दिवसातून २ वेळा २० ते ३० सेंटिमीटर खोल उलथायची. शेणमूत त्यात कुजते, आतले तापमान ४५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि त्या उष्णतेने ओलावा उडत राहतो. हे चक्र चालू असेपर्यंत गाईंसाठी याहून सुखाची बैठक नाही. म्हाताऱ्या आणि पायांनी अधू गाई इथे अक्षरशः सुधारलेल्या दिसतात. पण प्रत्येक गाईला किमान ९ ते १० चौरस मीटर गादी हवी, कोरडा भुसा वर्षभर मिळायला हवा, आणि एखादा दिवसही उलथणी चुकवून चालत नाही. जागा कमी पडली, की गादी थंड होते, अंगाला चिकटू लागते आणि कासदाह वाढतो. भुशाचा खात्रीचा पुरवठा नसेल तर हा विचार सोडून द्यावा.

चारही पद्धतींत हवा सारखीच महत्त्वाची आहे. जास्त दुधाच्या गाईला साधारण २५ अंशांपासूनच उष्णतेचा ताण जाणवू लागतो, म्हणून छप्पर उंच, बाजू उघड्या आणि आढ्याला फट असावी. वासरांना १५० किलो वजनापर्यंत गटात प्रत्येकी किमान १.५ चौरस मीटर जागा हा युरोपीय नियम आहे. ८ आठवड्यांनंतर वासरू एकटे कोंडायला तो नियम मनाई करतो. व्यायला आलेल्या गाईसाठी सुमारे १२ चौरस मीटरची कोरडी, स्वतंत्र खोली मात्र गोठा कोणताही असो, ठेवावीच.

माझा कौल असा : जमीन मोकळी आणि हवा कोरडी असेल तर मुक्त संचार, जमीन तुटपुंजी, पाऊस लांबलेला आणि भांडवल हाताशी असेल तर कप्पे, भुसा आणि ट्रॅक्टर दोन्ही पक्के असतील तर गादी. आहे तो बांधीव गोठा लगेच मोडणे शक्य नसेल, तर दावे लांब करावे, ओट्यावर जाड अंथरूण घालावे आणि शेजारी कुंपण घालून आवार मोकळे करावे.

गोठा चालू झाल्यावर दोन गोष्टी स्वतः कराव्यात. गाय जिथे बसते तिथे उघड्या गुडघ्यांनी १० सेकंद टेकून पाहावे. गुडघे दुखले किंवा ओले झाले, तर गाईचेही तेच होत आहे. आणि पहाटे, धारेच्या साधारण २ तास आधी, आवाज न करता आत जाऊन मोजावे : कप्प्यांत असलेल्या १० गाईंपैकी ८-९ बसलेल्या असाव्यात. पुढचे दोन पाय कप्प्यात आणि मागचे दोन वाटेत ठेवून उभी राहिलेली गाय दिसली, तर दुसऱ्याच दिवशी फीत घेऊन तो कप्पा मोजावा.