कोंबडीच्या गारव्याच्या नावाने विकलेलं ग्लुकोज

अमरावती-अकोल्याकडच्या लेयरवाल्यांसाठी, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी, हे लिहितोय, कारण ऊन तापायला लागलं की गारव्याची पावडर विकणारी मंडळी शेडच्या दारात उभी राहतात. आमच्याकडे आलेला माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड, आणि पिशवीत गारव्याची पांढरी पावडर. कंपनीचं नाव इथे घेत नाही; नावं ते दर वर्षी बदलतात, पद्धत बदलत नाही.

त्याने काय केलं ते नीट वाचा. माठातलं नाही, नळाचं कोमट पाणी मागितलं. मूठभर पावडर घातली, ढवळली आणि म्हणाला, "भाऊ, हात लावून पाहा." ग्लास खरंच गार लागला. वर पुदिन्यासारखा वास. आमचे काका तर लगेच म्हणाले, पाणी असं होतं तर पक्ष्याच्या पोटात किती थंडावा पडेल! यात जादू काहीच नाही. ग्लुकोज पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतं. चिमूटभर जिभेवर ठेवलं तरी गार लागतं, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण तो गारवा काही मिनिटांचा. छतावरच्या काळ्या टाकीत पावडर ओतली की पाणी उन्हात होतं तेवढंच तापतं. त्या क्षणी मात्र हे कोणाला आठवत नाही, कारण बाहेर पारा चाळिशी गाठत असतो आणि पिंजऱ्यातले पक्षी चोच उघडून धापा टाकत असतात.

माल घेतला तेव्हा नेमका अवकाळी पाऊस झाला. दोन-तीन दिवस हवा उतरली, पक्ष्यांनी खाद्य उचललं, अंडी सावरली. पठ्ठ्याचा लगेच फोन आला, "बघा, फरक पडला ना?" आणि त्याच जोरावर पावडरीच्या पुढच्या बादल्यांचे पैसे आगाऊ घेतले. बिल कच्चं. पक्कं मागितलं तर म्हणे, जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल.

मे महिन्यात सगळं उघडं पडलं. अंडी तर घटलीच, पण ट्रेमध्ये पातळ कवचाची, हातात घेताच तडकणारी अंडी वाढली. पिंजऱ्याखालची विष्ठा पातळ झाली, माश्या घोंगावायला लागल्या, दुपारी मरतुकही होतीच. फोन केला की एकच उत्तर: डोस वाढवा. शेवटी नमुना तपासून घेतला. निघालं काय, तर बहुतेक ग्लुकोज आणि साधं मीठ. व्हिटॅमिन सी नावापुरतंही सापडलं नाही.

मिठाने इथे उलटं काम केलं. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती धापा टाकूनच अंग थंड करते. धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं, आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचं. त्यात खाद्य कमी खाल्लं की कॅल्शियमही कमी. म्हणून उन्हाळ्यात जाणते लोक खाद्यात खायचा सोडा (म्हणजे बायकार्बोनेटच) देतात, संध्याकाळी कॅल्शियमसाठी शिंपला किंवा मार्बल ग्रिट (संगमरवराचे बारीक खडे) टाकतात. सोड्याच्या जागी पाण्यातून जादा मीठ गेलं की कवच आणखी बिघडतं. शिवाय उन्हात पक्षी एरवीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो, म्हणजे लिटरवर ठरवलेला डोस आपोआप वाढतो. आणि वर हा गडी सांगतोय, अजून वाढवा!

पूरक द्रव्यं खोटी नाहीत, हेही सांगायला हवं. व्हिटॅमिन सी कोंबडी स्वतः बनवते, पण कडक उन्हात ते अपुरं पडतं. खाद्यात किलोमागे 200 ते 250 मिलीग्रॅम देतात. बिटेन, व्हिटॅमिन ई यांचाही उपयोग होतो. पण मग पाकिटावर प्रत्येक घटकाचं प्रमाण आकड्यात हवं. आमच्या बादलीवर नुसतं "व्हिटॅमिन, इलेक्ट्रोलाइट, वनस्पती अर्क: योग्य प्रमाणात" असं छापलेलं होतं, बॅच नंबर खोडलेला. व्हिटॅमिन सी पाण्यात आणि उष्णतेत लवकर नासतं. तेव्हा "सकाळी टाकीत टाका, दिवसभर चालू द्या" असं सांगणाऱ्याला एक तर माहीत नसतं, नाहीतर त्या डब्यात ते नसतंच.

डॉक्टर म्हणवणाऱ्याला महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. आमच्या शेजाऱ्याने विचारला, तर साहेबांना अचानक दुसऱ्या गावची घाई आठवली. माल घ्यायचाच तर आधी पिंजऱ्यांच्या एकाच ओळीला द्या, शेजारची ओळ तशीच ठेवा आणि अंडी वेगळी मोजा. दोन्ही ओळींवर ऊन-पाऊस सारखाच पडतो, त्यामुळे अवकाळीचं श्रेय पावडरीला जात नाही. फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे फवारे), छतावर पाणी, पांढरा चुना, टाकीवर ओलं पोतं, खाद्य पहाटे आणि सांजेला, हे आधी, पावडर नंतर.

फसलात तर बादली धुऊन कोंढा भरायला घेऊ नका. उरलेला माल सीलबंद ठेवा, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद आणि फोनवरचे संदेश जपा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. "तुम्ही धंदेवाईक, तुम्ही ग्राहक नाही" असं समोरचा म्हणेल. पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक मानलं आहे. आमची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल आहे. कच्च्या बिलामुळे किचकट झालीय, पण पैसे ऑनलाइन दिले होते, तेवढाच आधार.