हापूसचं पेज: नुसती पेटी विकायची की सगळं दुकान मांडायचं?

सीझन तोंडावर आला की गावाकडून दरवर्षी मला हाच प्रश्न येतो, यंदा इन्स्टावर जाहिरात करायचीये तर लिंक कुठली देऊ, नुसत्या आंब्याच्या पेटीचं एक पेज की आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ, काजूगर, कुळथाचं पीठ असं सगळं असलेली पूर्ण वेबसाइट? मामेभावाची देवगडकडे कलमं आहेत, त्याच्यासाठी मी दोन्ही करून बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्या दुकानाच्या वेबसाइटचे फायदे खरे आहेत. जुनं गिऱ्हाईक येतं, त्याला तुमचा आंबा माहितीये, तो पेटीबरोबर आगळाची बाटली आणि दोन आंबापोळ्या घेऊन जातो, पार्सलचा खर्च पण विभागला जातो. दिवाळीत फराळ विकणाऱ्यांनी तर हेच करावं, कारण तिथे लोकांना थोडी चकली थोडा चिवडा असंच हवं असतं.

पण जाहिरातीत आंबा बघून पहिल्यांदाच आलेला माणूस वेगळा. तो दादर नाहीतर कोथरूडला मोबाइल हातात घेऊन बसलाय आणि त्याच्या डोक्यात एकच शंका आहे, हा खरंच देवगडचा आहे का? कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने खपवतात हे आता सगळ्यांना माहितीये. या माणसाला होमपेजवर नेलं की तिथे फिरते फोटो, कॉम्बो ऑफर, काजूगराचे भाव, आमच्याविषयी, आणि त्याची शंका तिथेच राहते, मग तो बॅक दाबतो.

एकाच पेटीच्या पेजवर त्या शंकेला नीट उत्तर द्यायला जागा मिळते, माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच. हापूसला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं, पण ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांसाठी आहे, म्हणजे नुसतं जीआय लिहून देवगड सिद्ध होत नाही. तुमची जीआयची नोंदणी असेल तर तिचा नंबर टाका, बागेचा व्हिडिओ टाका. पेटी 4 डझनी की 5 डझनी, आणि डझन कमी म्हणजे फळ मोठं हे शहरातल्या माणसाला माहीत नसतं, तेही सांगा. आंबा कच्चा येणार की तयार, घरी गवतात ठेवला तर किती दिवस लागतील, आणि मुख्य म्हणजे साका (वरून चांगल्या दिसणाऱ्या फळाचा आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो) निघाला तर काय, कारण साका कापल्याशिवाय कळत नाही आणि लोकांना भीती त्याचीच असते. फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देऊ किंवा पैसे परत, असं जे खरोखर करणार असाल ते स्पष्ट लिहा. दहा वस्तूंच्या पेजवर एवढं कोण लिहितं आणि कोण वाचतं?

गूगलवर जाहिरात करणार असाल तर अजून एक, तिथे क्वालिटी स्कोअर, म्हणजे गूगल देतं ते जाहिरातीच्या दर्जाचे गुण, 1 ते 10 मध्ये असतो आणि माणूस क्लिक करून ज्या पेजवर येतो ते पेज त्याने शोधलेल्या गोष्टीशी किती जुळतं हेही त्यात धरतात.

आता कोणी तुम्हाला तो जॅमचा प्रयोग सांगेल, शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा, 2000 साली छापलेला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात 24 प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांनी विकत घेतला, 6 मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. ऐकायला जबरदस्त आहे, पण पुढे 2010 मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र करून बघितले तर सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. म्हणून कमी वस्तू म्हणजे जास्त विक्री असा नियम धरू नका. आपल्याला काय हवंय हे ज्याला पक्कं माहितीये त्याला मोठं दुकान जड जात नाही, नवख्याला जातं.

म्हणून माझं मत असं, पैसे मोजून आणलेल्या नव्या माणसाला पेटीच्या पेजवर न्या, आणि व्हॉट्सॲपवरच्या जुन्या गिऱ्हाइकांना पूर्ण दुकानाची लिंक द्या. बजेट एकाच पेजचं असेल तर पेटीचं करा. आगळ विकायचंच असेल तर पैसे भरून झाल्यावर विचारा, तोवर नको.

एक ऑफर म्हणजे एकच बटण असं मात्र समजू नका. यूपीआयने पैसे भरायचं बटण ठेवा आणि शेजारी फोनचं पण ठेवा, आपल्याकडे आंब्याला हजारो रुपये घालणाऱ्या माणसाला आधी बागवाल्याशी दोन शब्द बोलायचे असतात. मामेभावाच्या पेजवरून फोन करणारे बरेच जण एवढंच विचारतात, "दादा, तुमचीच बाग ना?" आणि त्याने हो म्हटलं, की पेटी कधी पाठवणार यावर येतात.

पाऊस लागला, आंबा संपला की त्याच पेजवर कोकम चढवायचा मोह होतो. नका करू, नंबर घेऊन ठेवा, मार्चमध्ये पहिली पेटी भरली की कळवतो म्हणून.