झोटेरो वापरून पेपरचे रेफरन्स लावणं: खान्देशातल्या कॉलेजवाल्यांसाठी रिव्ह्यू

आमच्या यावल-रावेर पट्ट्यात सायन्सचा पेपर लिहायचा म्हटलं की विषय फिरून केळीवरच येतो, करपा असो, सीएमव्ही हा व्हायरस असो नाहीतर खोडाच्या धाग्याचं काही असो, आणि पोरं काम खरंच चांगलं करतात हो, पण सगळं झाल्यावर अडकतात ती रेफरन्समध्ये. मग पेनड्राइव्ह घेऊन टायपिंगवाल्याकडे जायचं, तो पानामागे पैसे घेऊन हाताने नावं पुढंमागं करणार, आणि पेपर परत आला आणि दुसऱ्या जर्नलला एपीए स्टाइलच्या जागी व्हँकुव्हर स्टाइल लागत असली की परत पहिल्यापासून सुरू. एपीएमध्ये लेखक-वर्ष आणि यादी एबीसीडीने, व्हँकुव्हरमध्ये मजकुरात जसा रेफरन्स येईल तसा नंबर, म्हणजे मधे एक रेफरन्स घुसवला की पुढचे सगळे नंबर बदलणार. हे काम माणसाने हाताने करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच झोटेरो ह्या रेफरन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल सविस्तर लिहितोय.

झोटेरो फुकट आहे, आणि फुकट म्हणजे खरंच फुकट, ट्रायल वगैरे भानगड नाही. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत सुरू झालं, ओपन सोर्स आहे, आज एक ना-नफा संस्था ते सांभाळते. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. आपल्याकडच्या माणसाला महत्त्वाची गोष्ट अशी की रेफरन्सची सगळी लायब्ररी तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते, त्यामुळे नेट गेलं तरी वर्डमध्ये काम चालू राहतं. असंच काम करणाऱ्या एंडनोटला पैसे लागतात. मेंडेली फुकट आहे पण ती २०१३ पासून एल्सेव्हियरकडे आहे, आणि आपली आयुष्यभराची लायब्ररी एका प्रकाशन कंपनीच्या हातात द्यावी असं मला वाटत नाही, ज्याला चालतं त्याने खुशाल वापरावी.

वापरायला सोपं आहे. क्रोमला त्याचं कनेक्टर नावाचं एक्स्टेन्शन लावा, पेपरचं पान उघडा, बटण दाबा, माहिती आत. नाहीतर डीओआय, म्हणजे पेपरचा स्वतःचा ओळख नंबर, कॉपी करून जादूच्या कांडीच्या आयकॉनमध्ये टाका, आणि मी तर म्हणेन शक्यतो डीओआयनेच घ्या, कारण गुगल स्कॉलरवरून ओढलेल्या माहितीत कधी डीओआय नसतो, कधी पानं नसतात, कधी लेखकाचं नाव अर्धवट. पुस्तक असेल तर आयएसबीएन हा पुस्तकाचा नंबर टाका. वर्डमध्ये झोटेरोचा टॅब येतो, सायटेशन, म्हणजे मजकुरातला रेफरन्सचा उल्लेख, टाकायचं, लेखकाचं आडनाव टाइप करायचं, एंटर. शेवटी बिब्लिओग्राफीचं बटण. जर्नल बदललं तर डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्टाइल बदलायची की मजकुरातले नंबर आणि मागची यादी दोन्ही आपोआप बदलतात. स्टाइल दहा हजाराच्या वर आहेत, तुमच्या जर्नलचं नाव टाकून शोधा, बहुतेक सापडतेच.

आता मुद्द्याचं, जे पोरांना कोणी सांगत नाही. झोटेरो फॉरमॅट करतं, माहिती खरी-खोटी ते तपासत नाही. वांगंच किडकं निघालं तर भरीत कितीही घोटा, चव येणार नाही, तसंच आहे हे. माहिती आत आली की लगेच, तिथल्या तिथे प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घाला.

सगळ्यात जास्त घोळ संस्थांच्या नावांचा होतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा रिपोर्ट तुम्ही लेखक म्हणून टाकला आणि नाव-आडनाव अशा दोन खान्यांत टाकला, तर यादीत विद्यापीठ हे आडनाव होतं आणि महात्मा फुले कृषी यांची आद्याक्षरं होतात! लेखकाच्या खान्याशेजारी एक छोटं बटण असतं, ते दाबून एकच खाना करायचा आणि पूर्ण नाव त्यात लिहायचं. त्रिचीचं केळी संशोधन केंद्र असो की आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद), सगळ्यांना हाच नियम. आपल्याकडच्या माणसांच्या नावांचंही तसंच, जुन्या जर्नलमध्ये आद्याक्षरं कधी आधी कधी नंतर छापलेली असतात, त्यामुळे पाटील आडनाव की नाव हे सॉफ्टवेअरला कळणार नाही, तुम्हालाच बघावं लागेल.

दुसरं शास्त्रीय नावांचं. मुसा अॅक्युमिनाटा हे केळीचं नाव तिरक्या अक्षरात पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि माहिती ओढताना तिरकेपणा बऱ्याचदा गळून पडतो. टायटलमध्ये त्या नावाच्या आधी आणि नंतर एचटीएमएलचे आय टॅग टाका, यादीत ते बरोबर तिरकं येतं. टायटल नेहमी सेंटेन्स केसमध्ये, म्हणजे फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं कॅपिटल असं ठेवा, टायटलवर राइट क्लिक केलं की केस बदलायचा पर्याय येतो, फक्त त्यानंतर जीनसचं, म्हणजे शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाचं, पहिलं अक्षर कॅपिटल आहे ना ते बघून घ्या. एकच पेपर दोनदा आला असेल तर डुप्लिकेटमध्ये जाऊन मर्ज करा, नाहीतर एपीएमध्ये २०१९ए आणि २०१९बी असे दोन रेफरन्स उभे राहतात आणि रिव्ह्यूअरच्या बरोबर नजरेत येतं ते.

एक गोष्ट मला फार आवडते. एखादा पेपर रिट्रॅक्ट झालेला, म्हणजे मागे घेतलेला असेल तर झोटेरो लाल रंगात सावध करतं, रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसवरून. गाइडलाही माहीत नसतं कधीकधी की अमुक पेपर मागे घेतलाय, आणि आपण त्याच्यावर निष्कर्ष उभा करतो. नुसत्या ह्या एका सोयीसाठी पण मी हे सगळ्यांना लावायला सांगेन.

कमी काय आहे? फाइल ठेवायला फुकट जागा फक्त ३०० एमबी, पीडीएफ भरल्या की पटकन संपते. पण नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही, त्यामुळे पीडीएफ आपल्याच हार्डडिस्कवर ठेवा आणि नुसत्या नोंदी सिंक करा, एक पैसा लागत नाही. डिपार्टमेंटने ग्रुप लायब्ररी केली तर सगळ्यांच्या कामी येते. मराठी रिपोर्ट देवनागरीत टाकता येतात पण इंग्रजी यादीत ते कुठे बसवायचे हे जर्नलला विचारूनच ठरवा.

आणि हो, एल्सेव्हियरच्या बऱ्याच जर्नलमध्ये पहिल्या सबमिशनला रेफरन्स कोणत्याही स्टाइलमध्ये चालतात, फक्त सगळीकडे एकसारखे पाहिजेत, त्यामुळे आधी ऑथर गाइडलाइन वाचा आणि मगच स्टाइलच्या मागे लागा. फायनल फाइल पाठवताना आधी कॉपी सेव्ह करा, मग कॉपीमध्येच अनलिंक सायटेशन्स दाबा, त्याने झोटेरोची लिंक तुटून साधा मजकूर उरतो, पण कॉपीमध्येच करा, कारण एकदा तोडलेली लिंक परत जोडता येत नाही, आणि मूळ फाइल जपून ठेवा, रिव्हिजन आली की तीच लागणार आहे.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार.