‘डर्ट’ सीझन २: शिळ्या लफड्यांना फोडणी

पहिला सीझन अधाशासारखा पाहिला होता, म्हणून दुसऱ्याला जरा झुकतं माप द्यायचं ठरवून बसले. तिसऱ्या भागापर्यंत ते माप सरळ झालं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: एफएक्स वाहिनीवर २००७ साली आलेली ही अमेरिकन मालिका. ‘फ्रेंड्स’मधली मोनिका, म्हणजे कोर्टनी कॉक्स, इथे हॉलीवूडची लफडी छापणाऱ्या मासिकाची संपादक आहे, ल्यूसी स्पिलर. खरी मजा ल्यूसीच्या सौद्यांत होती. काम मिळेनासं झालेला नट होल्ट मॅक्लॅरन तिला टीप देतो: ओळखीतल्या कीरा क्लेला दिवस गेलेत. बदल्यात ल्यूसी त्याची हवा करणार. बातमी लागते, कीरा जीव देते. आणि होल्टचं नशीब जसजसं उजळतं, तसतसं त्याच्याकडे बघवत नाही. मी पुरवणीच्या डेस्कवर काम केलंय. समोरच्याने अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं कसं काढून घ्यायचं, हे ल्यूसीच्या आवाजात अगदी बरोबर उतरलं होतं.

दुसऱ्या सीझनमध्ये असे सौदे नावापुरते उरलेत. त्याऐवजी मालिका खऱ्या बातम्यांवरून भाग पाडत सुटते. शार्ली केट्स नावाची सैरभैर झालेली पॉप गायिका घ्या. ती कोणावरून बेतलीय हे कळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण ब्रिटनी स्पीअर्सचे २००७चे हाल जगाने पोटभर चघळून झाले होते, आणि हा सीझन आला मार्च २००८मध्ये. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला संपादकाच्या आधी ठाऊक असेल, तर संपादक हवी कशाला?

त्याहून जास्त राग आला तो डॉन कॉन्कीच्या बाबतीत. इयान हार्टने साकारलेला हा छायाचित्रकार, ल्यूसीचा कॉलेजपासूनचा मित्र, स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला. पहिल्या सीझनमध्ये मेलेली कीरा त्याला दिसायची, त्याच्याशी बोलायची. मासिकाने केलेलं पाप असं त्याच्याच खोलीत येऊन बसायचं. आता त्याचा आजार बऱ्यापैकी आवरून ठेवलाय आणि डॉन म्हणजे नुसता कॅमेरा घेऊन धावणारा माणूस झालाय. इयान हार्ट अजूनही उत्तम करतो, पण करायला त्याला दिलंय काय?

होल्ट आणि त्याची नटी प्रेयसी ज्यूलिया यांचं प्रकरण? ताणलंय. पुढे.

हॉलीवूडच्या पटकथालेखकांनी तेव्हा केलेल्या संपामुळे तेरा भागांचा बेत सातवर आटोपला, हे मान्य. शेवट अधांतरी राहिला त्याचा दोष मी लेखकांना देणार नाही. पण जे सात भाग हातात होते, त्यांतही ल्यूसीला एखादी बातमी दाबायची की छापायची या पेचात नीट अडकवलेलं नाही. मासिक पुढे चालतं, मुखपृष्ठं बदलतात, तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

तिसरा सीझन आलाच नाही. पहिले तेरा भाग जरूर बघा, आणि ज्यूलिया ल्यूसीला भोसकते तिथे बंद करा.