गॉबचं वजन धरणारी 'ऑटो' सिस्टीम: २० लाख ६५ हजार गेले, तुम्ही तरी जपा

आकडा आधीच सांगतो. २० लाख ६५ हजार. एवढे पैसे घेऊन आम्हाला जी फीडर (काचेचे लोळे सोडणारा भाग) कंट्रोल सिस्टीम विकली ती काचेचा फ्लो कंट्रोल करतच नव्हती. नाव लिहीत नाहीये, वकिलाने तसं सांगितलंय, पण बाटल्या, बरण्या, टंबलर काढणाऱ्या छोट्या प्लांटवाल्यांनी हे नीट वाचा कारण हा माणूस अजून फिरतोय.

लाइनमधल्यांना माहीतच आहे, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात. भट्टीतली काच थ्रोटमधून पुढे येते, फोरहार्थमध्ये, म्हणजे भट्टीपुढच्या लांब पन्हळीत, तिचं तापमान सगळीकडे एकसारखं करायचं आणि मग बोलमध्ये, म्हणजे फीडरच्या भांड्यात. बोलच्या तळाला ऑरिफिस रिंग, मध्ये वर-खाली होणारा प्लंजर, त्याच्याभोवती फिरणारी ट्यूब आणि खाली शिअर, म्हणजे कात्री. शिअरने कापलेला तापलेला लोळा म्हणजे गॉब. ट्यूब उचलली की काच जास्त येते, उतरवली की कमी. पण खरा खेळ तापमानाचा. ११५० डिग्रीच्या आसपास सोडा-लाइम काच एक डिग्रीने गरम झाली तर व्हिस्कॉसिटी (काचेचा घट्टपणा) साधारण एक टक्क्याने उतरते, म्हणजे पाच-सहा डिग्री इकडे तिकडे झाली की ट्यूब जागची न हलता गॉब जड. रिंगचं भोक झिजलं तरी जड, भट्टीतली लेव्हल थोडी चढली तरी जड. म्हणून आमच्याकडे ऑपरेटर मशीनवरून बाटली उचलतो, काट्यावर ठेवतो आणि ट्यूबचं चाक फिरवतो, दिवसरात्र हेच. आणि रात्रपाळीला ते नीट होत नाही हे प्रत्येक प्लांटवाल्याला माहीत आहे, उगाच नाही म्हणू नका.

हा माणूस बरोबर तिथेच आला. म्हणाला, शिअरखाली कॅमेरा लावतो, पडणारा गॉब कॅमेरा बघणार, त्याच्या आकारावरून वजन काढणार, सर्वो मोटर स्वतः ट्यूब वर-खाली करणार, आणि फोरहार्थच्या झोनमध्ये ६ नवीन टाइप बी प्लॅटिनम थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर). वजन २५० ग्रॅमवर अर्ध्या टक्क्याच्या आत धरून ठेवतो, लेखी देतो म्हणाला. आणि लेखी दिलंही! आता लोक मला विचारतात विश्वास कसा ठेवला, तर अरे बाबांनो, अशा सिस्टीम जगात खरंच आहेत. पडत्या गॉबवर कॅमेरा लावून वजन काढतात, प्रेस-अँड-ब्लोमध्ये (साच्यात काच आधी दाबून मग फुगवायची पद्धत) तर मशीनचा प्लंजर किती खोल गेला त्यावरूनही गॉबचं वजन कळतं. तो काही हवेतून वीज काढतो असं सांगत नव्हता. मोठ्या प्लांटमध्ये जे चालतं तेच निम्म्या भावात देतो म्हणत होता. फसवणारा नेहमी खऱ्या गोष्टीला चिकटूनच खोटं बोलतो.

एकूण किंमत २३ लाख ५० हजार. ऑर्डरबरोबर ४० टक्के म्हणजे ९ लाख ४० हजार, माल निघताना परत ९ लाख ४० हजार, चालू करून दिल्यावर उरलेले ४ लाख ७० हजार. मध्येच 'कॅलिब्रेशन आणि सॉफ्टवेअर लायसन्स' म्हणून १ लाख ८५ हजार वेगळे मागितले, ते दुसऱ्याच नावाच्या खात्यावर. हे लक्षात ठेवा, मध्येच खातं बदललं की पैसे थांबवा, कितीही गोड बोलू दे, कितीही घाई करू दे.

आता तो डेमो. याचाच विचार करून अजून झोप लागत नाही. लॅपटॉपवर 'चालू प्लांटमधलं लाइव्ह' म्हणून स्क्रीन दाखवला. झोनची तापमानं, गॉबचं वजन, ट्यूबची पोझिशन, सगळं हलतंय. मी म्हणलं सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) बदलून दाखवा. त्याने ११५७ चं ११५२ केलं. आणि तापमानाची लाइन सरळ खाली आली, मिनिटभराच्या आत ११५२ वर येऊन थांबली, जरासुद्धा खाली गेली नाही, परत वर आली नाही. वजन २५०.०, २५०.१, २५०.०. आमचा फोरमन शेजारी बसलेला, तो हळूच म्हणाला, "साहेब, काच एवढ्या लवकर ऐकत नाही."

त्याचं एकूण एक अक्षर खरं होतं. फोरहार्थमध्ये पंधरा-वीस सेंटीमीटर खोल काच, खाली-बाजूला जाड रिफ्रॅक्टरी (उष्णता सोसणाऱ्या विटा), वरून बर्नर आणि कूलिंगची हवा. वरचा थर आधी बदलतो, तळाची काच मागे राहते, रंगीत काचेत तर अजूनच, कारण हिरव्या-अंबर काचेतून उष्णता खाली पोचतच नाही नीट. सेटपॉइंट हलवला की बराच वेळ वाट बघावी लागते, लाइन थोडी पलीकडे जाते, परत येते, मग कुठे स्थिर होते. आणि ५ डिग्री खाली आणल्यावर ट्यूबने काहीतरी हालचाल करायला हवी ना? काच घट्ट झाली तर वजन टिकवायला ट्यूब उचलावीच लागेल. स्क्रीनवर ट्यूबचा आकडा तिथल्या तिथेच! वजन तेच, ट्यूब तीच आणि तापमान ५ डिग्री खाली, हे तिन्ही एकत्र होऊच शकत नाही. तिथेच उठायला हवं होतं. पण त्याच्याकडे उत्तर तयार होतं, की हे 'प्रेडिक्टिव्ह मॉडेल' आहे, सॉफ्टवेअर आधीच अंदाज घेतं. आणि समोरचा माणूस व्हिस्कॉसिटीचे ग्राफ काढून फाडफाड बोलतोय, सोबत कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, शिक्के, चालू प्लांटची यादी, तर माझ्या जागी कोणीही हेच समजलं असतं की आपल्यापेक्षा पुढचं काहीतरी आहे. अंदाज कोणतंही सॉफ्टवेअर घेईल, पण अंदाज घेतल्याने काच थंड होत नाही, हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

माल आला, बसवला. कंट्रोल बॉक्सला सील, उघडलं तर वॉरंटी रद्द. त्यांच्या इंजिनीयरने वर सांगितलं की सिस्टीम 'शिकतेय' तोपर्यंत हाताने ट्यूब फिरवायची नाही आणि मशीनवर वजन करून मध्ये मध्ये करायचं नाही, नाहीतर दोन कंट्रोल एकमेकांशी भांडतील. ऐकायला बरोबर वाटतं. पण जो विक्रेता तुमचा काटा बंद करायला सांगतो त्याला गेटबाहेर काढा. वजनाचा आकडा फक्त त्याच्या स्क्रीनवर आणि तपासायला दुसरं काही नाही, हीच त्याची खरी सिस्टीम.

सुरुवातीला ठीक चाललं. मग बाटल्या जड यायला लागल्या, पण लेहरमधून (बाटल्या हळूहळू थंड करणारी लांब भट्टी) अनीलिंग होऊन थंड बाटली बाहेर येऊन क्वालिटीवाल्याच्या हातात पडेपर्यंत कितीतरी माल निघून गेलेला असतो. स्क्रीनवर २५०.०, काट्यावर २५७ आणि काही ठिकाणी त्याच्याही वर. साचा बाहेरून ठरलेला असतो, जास्तीची काच आतली जागा खाते. काचेची घनता साधारण २.५, म्हणजे साडेसात ग्रॅम जास्त आली की ३ मिली जागा गेली. ग्राहकाच्या फिलिंग लाइनवर लेव्हल चुकली आणि माल परत. डेबिट नोट ३ लाख १२ हजार, ही त्या २० लाख ६५ मध्ये धरलेली नाही.

फोनवर उत्तर काय, तर तुमची काच खराब, तुमची बॅच (कच्च्या मालाचं मिश्रण) बदलली असेल. मग फोन बंद.

सील तोडलं तेव्हा काय दिसलं ते सांगतो. शिअरखालच्या कॅमेऱ्याच्या स्टीलच्या डब्याला कूलिंगची हवा व्यवस्थित जोडलेली, पुढे काच, आत एक लाल एलईडी. बस. कॅमेरा नाही, लेन्स नाही, काहीच नाही. डब्यातून निघालेली राखाडी केबल पॅनेलपर्यंत छान क्लिपा मारून नेलेली आणि पॅनेलच्या आत तिचं टोक कापून, वर काळी श्रिंक ट्यूब चढवून, टाय मारून बांधलेलं. कशालाच जोडलेलं नाही. वजनाचा आकडा एका छोट्या बोर्डावर तयार होत होता. ट्यूबच्या सर्वोला वजनाचा सिग्नलच नव्हता.

तापमानाचा कंट्रोलर मात्र खरा होता, साधा बाजारातला, आणि त्याचं इनपुट टाइप के वर, म्हणजे प्लॅटिनम नसलेल्या स्वस्त थर्मोकपलवर, सेट. तेव्हा थर्मोकपलवर शंका आली. टाइप के ११५० ला सतत ठेवलं की वाचन हळूहळू सरकतं. आमचं खाली सरकत होतं, म्हणजे कंट्रोलरला वाटायचं काच गार पडतेय, तो गॅस वाढवायचा, काच अजून पातळ, गॉब अजून जड. बाहेर काढली तर टोकं काचेने खाल्लेली, आणि आमच्या बिलावर ती प्लॅटिनम आहेत.

ही टेस्ट तुम्ही आजच करा, फुकट आहे. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवा, थर्मोकपलचं टोक उकळत्या पाण्यात धरा. खऱ्या टाइप बी ला तिथे जवळपास काहीच येत नाही, ०.०३ च्या आसपास. आमच्यावाल्याने ३ च्या वर दाखवलं, म्हणजे टाइप के. ११५० ला टाइप बी साधारण ६.३ मिलिव्होल्ट देतं आणि टाइप के ४७, त्यामुळे सीलबंद डब्यात कंट्रोलर के वर लावला की बाहेरून कोणालाही कळत नाही. प्लॅटिनमचं काही घेताना किती ग्रॅम धातू आहे ते बिलावर लिहून घ्या आणि आल्यावर सोनाराकडे का होईना, तपासून घ्या.

आता पोलीस. पहिलंच वाक्य, माल मिळालाय ना, मग फसवणूक कशी, ही दिवाणी बाब आहे. मी तो रिकामा डबा टेबलावर ठेवला, केबल दाखवली. साहेब म्हणाले, यात काय असायला हवं होतं ते तज्ज्ञाकडून लिहून आणा. लॅबकडे गेलो, लॅब म्हणते आम्ही थर्मोकपलचा रिपोर्ट देऊ पण 'सिस्टीम चालत नाही' असं लिहून देणार नाही, आमचं ते काम नाही. उद्योजकांच्या संघटनेकडे गेलो, ते म्हणतात पोलिसांचं पत्र आणा मग समिती बसवू. पोलीस म्हणतात आधी रिपोर्ट, संघटना म्हणते आधी पत्र. बँक म्हणते तुम्हीच पाठवलेत पैसे, खाते नंबर बरोबर होता, नाव जुळवणं आमचं काम नाही. ज्या लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट त्याने दिलं होतं त्यांना मेल केला, त्यांनी एका ओळीत कळवलं की हा नंबर आमच्याच एका प्रेशर गेजच्या सर्टिफिकेटचा आहे. म्हणजे सरळ सरळ बनावट कागद! तो मेल छापून पोलिसांना दिला, तर उत्तर काय, मग त्या लॅबने तक्रार करायला पाहिजे, तुम्ही कसे करता. आणि लॅबला त्यात पडायचं नाही. एक माणूस उघड उघड खोटी मशीन विकतोय, खोटा कागद पुराव्यात पडलाय, आणि प्रत्येक टेबल मला पुढच्या टेबलाकडे ढकलतंय, आणि पैसे भरणाऱ्यालाच विचारतायत तुम्हाला कळलं कसं नाही. ज्याने विकलं त्याला एक फोन कोणी केला नाही.

सर्टिफिकेट हातात आलं की पैसे देण्याआधी लॅबला नंबर विचारा, एका मेलचं काम आहे. 'चालू प्लांट'च्या यादीतल्यांना स्वतः फोन करा, विक्रेत्याने जोडून दिलेल्या नंबरवर नाही. डेमो फक्त गरम काचेसमोर उभं राहून बघा, सेटपॉइंट हलवायला लावा, हातात घड्याळ धरा, बाटली स्वतः काट्यावर ठेवा. फ्लोट काचवाल्यांनाही सांगतो, तुमच्याकडे टिनच्या बाथमध्ये उतरणारी काच ट्वील (वर-खाली होणारं गेट) अडवतं, आणि आमच्या ओळखीतल्या एकाला याच माणसाने 'ऑटो ट्वील' विकायचा प्रयत्न केलाय. तसाच सीलबंद डबा, तशीच ४० टक्के आगाऊची अट.

आणि आता तर कहर झालाय. उरलेले ४ लाख ७० हजार व्याजासकट द्या, सील तोडून तुम्ही करार मोडलाय, अशी नोटीस त्यानेच आम्हाला पाठवलीये. वकिलाने उत्तर दिलंय, सोबत त्या कापलेल्या केबलचा फोटो जोडलाय आणि लॅबचा मेलही.