&& की ||? कापसाच्या गाडीवरून समजून घेऊ

चोपड्याकडच्या पोरांना जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना मी फळ्यावर आधी कापूसच मांडतो. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे 12 पर्यंत भावात कपात, त्याच्याही वर गेला तर गाडी परत. कपातीची अट नवशिका हमखास अशी लिहितो (|| म्हणजे 'किंवा'):

ओलावा > 8 || ओलावा <= 12

यात 20 टाकून बघा. 20 हा 8 पेक्षा मोठा, अट खरी. आता 6 टाका. 12 पेक्षा लहान, तरी खरी! म्हणजे चांगला वाळवून आणलेल्या कापसालाही कपात. केवढा अन्याय! इथे && च हवं, म्हणजे 'आणि': दोन्ही बाजू खऱ्या असतील तरच होकार.

|| ला एक बाजू पुरते. केळी सावद्याची किंवा रावेरची, कुठलीही चालणार असेल तर (=== म्हणजे 'बरोबर तेच'):

गाव === "सावदा" || गाव === "रावेर"

दुसऱ्यांदा 'गाव ===' लिहायचा कंटाळा करू नका. नुसतं "रावेर" ठेवलंत तर जावास्क्रिप्ट ती बाजू कायम खरी धरतं, मग यावलची केळीही आत येते.

दोन्ही एकाच ओळीत आले तर && आधी सुटतं, म्हणून कंस घालाच.