डिफेंडर की लँड क्रूझर? घरच्यांना घेऊन लांब निघायचं असेल तर

लडाख, स्पिती, झंस्कार, पुढे कधीतरी भूतान किंवा थेट पूर्व आफ्रिका. स्वतःच्या गाडीने, सगळं घर सोबत घेऊन असं फिरायचं ठरलं आणि कोट-दोन कोट खर्चायची तयारी असली, की आपल्याकडची चर्चा दोन नावांवर येऊन थांबते. एक लँड रोव्हर डिफेंडर, दुसरी टोयोटा लँड क्रूझर ३००. माझं मत आधीच सांगून टाकतो. देशात, हिमालयापर्यंत फिरायचं असेल तर डिझेल डिफेंडर ११० घ्या. सीमा ओलांडून महिनोन्‌महिने जायचं असेल तर लँड क्रूझर.

सुरुवात रस्त्यापासून करू, कारण माणसं इथेच फसतात. पुणे ते मनाली एकोणीसशे किलोमीटरच्या वर भरतं, मनाली ते लेह सुमारे ४३०. म्हणजे नाले-दगड येण्याआधी तीन-चार दिवस नुसता महामार्ग, आणि परतताना पुन्हा तोच. मागे बसलेल्या मुलांची आणि आजी-आजोबांची सहल या महामार्गावरच सुखाची होते किंवा बिघडते. डिफेंडरची बॉडी आणि सांगाडा एकसंध ॲल्युमिनियमचा आहे, चाकांवर एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या. ताशी शंभरने चालताना गाडी रस्त्याला धरून राहते, वळणावर झुकणं कमी. लँड क्रूझरची बॉडी वेगळ्या मजबूत चासीवर बसवलेली. भार आणि आदळआपट सोसायला ही रचना उत्तम, पण खडबडीत रस्त्यावर मागच्या सीटला हलका डोल जाणवतो. घाटात ज्यांना मळमळतं त्यांना हा फरक पहिल्याच तासात कळेल.

आता नाले. स्पितीच्या वाटेवर ग्रांफूहून बातलकडे जाताना बर्फाचं पाणी रस्त्यावरूनच वाहतं. सकाळी आठला घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला गुडघ्यावर येतं, कारण ऊन चढलं की वर बर्फ वितळतो. कंपनीच्या आकड्यांनुसार डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते, लँड क्रूझर ७००. जमिनीपासूनची उंची डिफेंडरची पूर्ण वर उचलल्यावर २९१ मिलिमीटर, लँड क्रूझरची २३०च्या आसपास. माझ्या मते पाण्याच्या आकड्यापेक्षा हा दुसरा आकडा जास्त कामाचा. नाल्यात गाड्या अडकतात त्या क्वचितच खोल पाण्यामुळे. पाण्याखाली कलिंगडाएवढे गोटे असतात, एखादा पोटाला लागतो आणि गाडी त्याच्यावर टेकते. डिफेंडरमध्ये बटण दाबून गाडी नेहमीपेक्षा ७५ मिलिमीटर वर घेता येते. आई-वडिलांना चढायचं असेल तेव्हा तीच गाडी ५० मिलिमीटर खालीही बसते. रोज दहा वेळा चढउतार करणाऱ्या सत्तरीच्या माणसाच्या गुडघ्यांसाठी ही सोय खरंच मोलाची आहे.

पण एअर सस्पेन्शन ही डिफेंडरची ताकद आणि तीच तिची काळजी. कॉम्प्रेसर, हवेच्या पिशव्या, सेन्सर असा सगळा पसारा आहे. मनाली-लेह रस्त्यावर सरचूच्या पुढे त्यातलं काही बंद पडलं तर दुरुस्ती रस्त्याकडेच्या माणसाच्या हातची नाही. लँड क्रूझरला साध्या स्प्रिंगा आहेत. तिची उंची बदलत नाही, पण त्या बाबतीत बिघडण्यासारखं फार काही नाही.

वळणावर लँड क्रूझर पुढे. त्याच रस्त्यावरची गाटा लूप्सची २१ वळणं चढताना समोरून टँकर आला की गाडी किती जागेत वळते ते महत्त्वाचं ठरतं. लँड क्रूझरला सुमारे ११.८ मीटरचं वर्तुळ पुरतं, डिफेंडर ११० ला १२.८. त्याचं कारण चाकांमधलं अंतर: लँड क्रूझरचं २,८५० मिलिमीटर, १९९० च्या ८० सीरिज या जुन्या पिढीपासून टोयोटाने ते बदललेलंच नाही; डिफेंडरचं ३,०२२. रुंदीला दोन्ही गाड्या दोन मीटरच्या आसपास, त्यामुळे डोंगरातल्या गावांतून जाताना आरसे मिटण्याची सवय दोघींनाही लावून घ्यावी लागते.

माणसं किती, या प्रश्नाने निम्मा निकाल लागतो. आपल्याकडे येणारी लँड क्रूझर पाच जणांची आहे. परदेशात तिसरी रांग मिळते, इथे नाही. चौघांचं किंवा पाच जणांचं कुटुंब असेल तर तिची मागची सीट आणि डिकी भरपूर मोठी आहे. आजी-आजोबा धरून सहा-सात जण असतील तर चर्चा तिथेच संपते. डिफेंडर ११० मध्ये तिसरी रांग मिळते, पण ती मुलांपुरती. ती उघडली की डिकीत एखाद-दुसरी बॅग राहते, म्हणजे बाकी सामान टपावर जाणार. आठ माणसांसाठी डिफेंडर १३० आहे, तिच्यात तिसऱ्या रांगेत मोठी माणसंही नीट बसतात. मात्र तिचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर येतो. नाल्यातून वर चढताना ११० ची शेपटी ४० अंशांपर्यंत घासत नाही, १३० ची २८.५ अंशांनाच टेकते. लँड क्रूझर इथे तिच्याहून कमी, सुमारे २५.

एक बारीक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. डिफेंडरचं मागचं दार कपाटासारखं बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी टांगलेली असते. मागे दुसरी गाडी चिकटून उभी असेल तर डिकी उघडता येत नाही. लँड क्रूझरचं दार वर उघडतं. पावसात त्याखाली उभं राहून स्टोव्ह पेटवता येतो, मुलांचे कपडे बदलता येतात. पण तिची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली. चिखलात पंक्चर झालं की आडवं होऊन हँडल फिरवत ती खाली सोडायची, मग ओढून बाहेर काढायची. डिफेंडरची स्टेपनी उभ्या उभ्या काढता येते. दोन्ही गोष्टी घरासमोर एकदा स्वतः करून बघा, तेव्हाच कळेल आपल्याला कुठला त्रास चालेल.

इंधनाचं गणित सोपं आहे. केलाँगच्या अलीकडे तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी लडाखला गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. डिफेंडरची डिझेल टाकी ९० लिटरच्या जवळ, लँड क्रूझरची मुख्य ८० आणि जोडीला ३० लिटरची दुसरी. दोन्ही गाड्या हे अंतर आरामात कापतात, आजूबाजूला भटकायलाही उरतं. दोन लिटरच्या पेट्रोल डिफेंडरला मात्र मी हात लावणार नाही. भरलेली गाडी घाटात ओढताना ॲव्हरेज फार पडतं आणि सहा सिलिंडरच्या डिझेलचा खालच्या वेगातला जोर तिच्यात नाही.

आता सीमेपलीकडचं. नेपाळ-भूतानला आपली गाडी तिथला परवाना काढून नेता येते, तिथे दोन्ही गाड्या सारख्याच. त्यापुढच्या बऱ्याच देशांसाठी कार्ने लागतो, म्हणजे गाडी तात्पुरती नेऊन परत आणण्याचा हमीचा सीमाशुल्क कागद. त्याची हमी गाडीच्या किमतीवर ठरते, म्हणून डिफेंडरहून बरीच महाग असलेल्या लँड क्रूझरसाठी जास्त रक्कम अडकते. तरीही आफ्रिकेसाठी मी तीच निवडेन. न्हावा शेवाहून मोंबासाला गाडी उतरवली की पुढे केनिया, टांझानियात आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, आणि लँड क्रूझरच्या पिढ्या उघडून जोडलेले मेकॅनिक गावोगाव. भाग मिळायला वेळ लागला तरी गाडी समजणारा माणूस भेटतो. एक लक्षात ठेवा: भारतातली लँड क्रूझरही बीएस-६ आहे. तिला कमी गंधकाचं डिझेल लागतं, नाहीतर धुराचा फिल्टर तुंबतो. मार्ग आखताना तसं इंधन कुठे मिळतं ते आधी शोधावंच लागेल. टपावर तंबू बसवणार असाल तर कंटेनरचं दार साधारण २.२८ मीटर उंच असतं, हेही ध्यानात असू द्या. जवळजवळ दोन मीटर उंच गाडीवर तंबू ठेवून ती आत जाईलच असं नाही. शिवाय डिफेंडर ११० च्या टपाला चालत्या गाडीत १६८ किलोच झेपतात, त्यात तंबू आणि कॅरिअर दोन्ही आले.

मर्सिडीजच्या जी-क्लासमध्ये तीन डिफरन्शिअल लॉक आहेत, म्हणजे एक चाक घसरलं तरी बाकीच्यांना जोर मिळतो; ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या कारखान्यातली बांधणी देखणी आहे. पण सीटा पाचच आणि किंमत लँड क्रूझरच्याही वर, कुटुंबासाठी त्या पैशात जास्त काही मिळत नाही. जीपची रँग्लर आपल्या रांजणगावात जोडली जाते, सत्तर लाखांच्या आसपास मिळते आणि दगडांवर चढण्यात या सगळ्यांना मागे टाकते. मात्र पेट्रोल इंजिन, लहान डिकी आणि महामार्गावरचा वाऱ्याचा आवाज बघता, दोघांनी फिरायला ती छान, पाच जणांना घेऊन चार हजार किलोमीटरला नाही.

शोरूम किंमत डिफेंडर ११० ची कोटीच्या आसपास सुरू होते, डिझेल त्याच्या बरंच वर. लँड क्रूझर दोन कोटींच्या पुढे. महाराष्ट्रात वाहनकराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे, तेव्हा ऑन-रोड आकडा लेखी घेऊनच तुलना करा.

डिफेंडर घेतलीत तर चाकं मिळतील तेवढी लहान निवडा, १८ इंची मिळाली तर तीच. रबराची भिंत उंच असली की हवा थोडी कमी करून दगडांवर जाता येतं आणि रिम वाचते. २२ इंची चाकं पुण्यात शोभतात, पण लेहच्या वाटेवरच्या मोरे मैदानांच्या धुळीत फाटलेल्या तशा टायरला जोडीदार केलाँगमध्ये मिळत नाही.